बेबी ऑफ बेबीनंदा

सोमवार, ६ जानेवारी १९९७

ही डायरी आडत दुकानातून फुकट मिळाली. पहिल्या पानावर लक्ष्मी, शेवटच्या पानावर बोंडअळीच्या औषधाची जाहिरात आणि मधे सगळं कोरं. मला डायरी लिहायची सवय नाही. मी जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी आहे, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर मोजून देतो. आकडे लिहायची सवय आहे. पण सिस्टर कौसल्या म्हणाल्या, "बाळानं दूध किती घेतलं, शू किती वेळा केली, वजन किती भरलं, सगळं एका वहीत लिहून ठेवा." वही आणायला कुठे जा, म्हणून डायरी काढली. उरलेल्या जागेत माझं लिहितो.

बाळ म्हणजे आमची मुलगी. चार महिन्यांची आहे. आज इथल्या लेकरांच्या दवाखान्यात दाखल केली. वजन तीन किलो चारशे पन्नास.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. मला ते वांगं वाटलं, पण बोललो नाही. त्यातून दोन मोठ्या नळ्या निघतात. बाळ पोटात असताना त्या दोन नळ्यांना जोडणारी एक बारीक नळी असते आणि जन्मल्यावर ती आपोआप बंद होते. हिची झालीच नाही. म्हणून रक्त फिरून फिरून फुप्फुसात जातं, हृदयाला दुप्पट काम पडतं, दूध पितापिता बाळ घामाघूम होऊन झोपतं आणि अंगाला काही लागत नाही. दोनदा न्यूमोनिया झाला, तोही यामुळेच.

"मंग इलाज काय, साहेब?"

"ऑपरेशन. ती नळी दोऱ्यानं बांधून टाकायची."

"पोत्याचं तोंड बांधतो तसं?"

"हो. बरंचसं तसंच."

"गाठ कोनती मारता?"

बेबीने मला कोपराने ढोसलं. बेबी म्हणजे माझी बायको बेबीनंदा, माहेर शहागड. तिला मी कुठेही दोन प्रश्न विचारलेले चालत नाहीत.

ऑपरेशन औरंगाबादला होणार. पुण्याचे सर्जन महिन्यातून एकदा तिथे येतात, आता २१ फेब्रुवारीला येतील. त्यांची अट एकच, बाळ चार किलोचं पाहिजे. कमी भरलं तर या खेपेला घेणार नाहीत. आणि तोवर तिसरा न्यूमोनिया झाला तर बाळाला झेपणार नाही, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले.

म्हणजे सहा आठवड्यांत साडेपाचशे ग्राम. एवढा माल तर मोंढ्यात काट्याखाली सांडलेला निघतो. मी मुळीच घाबरलेलो नाही.

बुधवार, ८ जानेवारी

बाळाचं अजून नाव ठेवलेलं नाही, म्हणून दवाखान्याने पाळण्याला पाटी लावली आहे, "बेबी ऑफ बेबीनंदा". सकाळी एक्स-रेवाला दारात येऊन ओरडला, "बेबी कोण आहे? चला." बेबी पदर सावरून उठली आणि त्याच्यामागे गेली. बाळ इथे माझ्यासमोर झोपलेलं. मला वाटलं, आधी आईचा काढत असतील. मोंढ्यातही आधी रिकाम्या बारदानाचं वजन करतात.

दुपारी डॉक्टरांनी पाकीट उघडून फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "अरे, हृदय तर एकदम उत्तम आहे!"

हे ऐकून माझी आई गोजरबाई, जी कुंभार पिंपळगावाहून आजच आली, तिने तिथल्या तिथे हात जोडले. मी चप्पल घालून पेढे आणायला निघालो. अर्ध्या जिन्यापर्यंत गेलो असेन. तेवढा जिना मी कसा उतरलो ते मला आठवत नाही, पाय जमिनीला लागले नसावेत.

मागून डॉक्टरांचा आवाज आला, "पण चार महिन्यांच्या बाळाच्या गळ्यात मंगळसूत्र कसं?"

मी परत वर आलो.

सिस्टर कौसल्या चिडल्या. "मच्छिंद्रभाऊ, आधी बाळाला नाव द्या." आई लगेच म्हणाली, "कचराबाई ठिवा. उकिरड्यावर टाकायचं आन् उचलून आनायचं. तसल्या नावाकडं कोनी ढुंकून पाहत न्हाई, लेकरू टिकतं." बेबी म्हणाली, "माझ्या लेकीला कोनी कचरा म्हनायचं न्हाई." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, ऑपरेशननंतर निवांत बारसं करू, आत्ता काय घाई आहे.

पहिल्या लेकराचं आम्ही बाराव्या दिवशीच केलं होतं. जेवणावळ, मांडव, सगळं. ते इथे लिहायचं कारण नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

नाकातून बारीक नळी घातली आहे. त्यातून दूध देतात, म्हणजे बाळाला ओढायचे कष्ट नाहीत. तेलाच्या डब्याला नरसाळं लावल्यासारखं. वजन तीन चारशे सत्तर.

बेबी म्हणाली, घ्या हिला जरा, मी तोंड धुऊन येते. माझ्या अंगावर तुरीचा धुरळा होता, म्हणून आईकडे दिली.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आई दोन दिवस कुणाशी काही न बोलता पिशवीत काहीबाही भरत होती, ते कशासाठी ते काल कळलं. दुपारी सिस्टर जेवायला गेल्या आणि हिने वॉर्डातच बाळाचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, टोपडं, आणि वरून ओंजळ ओंजळ बोरं, हरभरे, चुरमुरे आणि तिळाच्या रेवड्या. शेजारच्या पाळण्यांवरच्या बायांनीही हात धुऊन घेतले. बोरं सगळ्या वॉर्डभर पळाली. डॉक्टर राउंडला आले ते दारापासून खाटेपर्यंत एका हरभऱ्यावर घसरत आले आणि आमच्याच पाळण्याला धरून उभे राहिले. ओरडले नाहीत. म्हणाले, "तिळगूळ तरी द्या आता."

आज सकाळचं वजन तीन किलो सातशे दहा! एका आठवड्यात दोनशेच्या वर! बेबी रडली. आईने डॉक्टरांची दृष्ट काढली.

मला मात्र चैन पडेना. वीस वर्षं काट्यापाशी उभा आहे. असा माल एकाएकी जड झाला की मापाडी पोत्याच्या तळाशी हात घालून बघतो. मी आईला म्हटलं, झबलं काढ. आतून निघालं ते असं: चांदीचे वाळे दोन, कमरेला करदोडा, ताईत तीन, देवीचा टाक एक, दाराच्या चौकटीचा खिळा एक, टोपड्यात बोरं चार. सगळं नेऊन सोनाराच्या तराजूवर टाकलं. दोनशे दहा ग्राम.

परत येऊन सिस्टरांना म्हणालो, "दोनशे दहा कडता लावा." कडता म्हणजे मालात माती, ओल, बारदान असेल त्याची वजावट. सिस्टरांनी आकडा खोडून तीन किलो पाचशे लिहिला.

आई माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाली, "लेकराच्या वजनात कडता लावून राह्यला तू. बाप हायस का आडत्या?"

मी बरोबरच केलं. खोट्या वजनावर माल पुढे पाठवला तर पुढचा काटा पकडतोच. पण संध्याकाळी जेवण गेलं नाही. अपचन असावं.

शनिवार, १८ जानेवारी

सिस्टर सिरिंजने दूध सोडताना मोजतात. आज त्या "एक" म्हणाल्या आणि आई दचकली. "एक नगं म्हनू बाई. लाभ म्हन."

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्यात धान्य मोजताना एक म्हणत नाहीत. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, तीन, चार. माझा बाप खळ्यावर असाच मोजायचा आणि मीही मोंढ्यात असाच ओरडतो. सिस्टर हसल्या, पण पुढच्या वेळेला बाळाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "लाभ! दोन! तीन!" आता सगळा वॉर्ड असाच मोजतो. शेजारची बाई तर तापाच्या गोळ्यासुद्धा अशाच मोजते.

शनिवार, २५ जानेवारी

आज माझी बदनामी झाली. खरं तर माझी काहीच चूक नव्हती.

बरेच दिवस मला दवाखान्याच्या काट्याचा संशय येत होता. स्प्रिंगचा काटा, त्याचा काही भरवसा नसतो. म्हणून मोंढ्यातून दोन किलोचं सरकारी शिक्क्याचं वजन घेऊन आलो. काट्याच्या पाटीवर ओरखडा नको आणि लोखंड थंड असतं, म्हणून बाळाच्या दुपट्यात गुंडाळून ठेवलं आणि वाकून आकडा बघत होतो. तेवढ्यात नवीन लागलेली शिकाऊ सिस्टर मागून आली. तिने दुपट्यात हात घातला आणि किंचाळली, "बाळ थंड पडलंय!"

सगळा वॉर्ड उठला. डॉक्टर धावत आले, त्यांच्यामागे ऑक्सिजनची नळकांडी आली. मी ओरडून सांगत होतो, "ते दोन किलो हाय, दोन किलो!" कुणी ऐकेना. डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून दुपटं बाजूला केलं तर आत लोखंड, वर सिंहांचा शिक्का.

त्यांनी कानातल्या नळ्या काढून गळ्यात टाकल्या.

"साहेब, तुमचा काटा सत्तर ग्राम मारून राह्यला," मी म्हणालो.

आणि खरंच मारत होता! बाळ तीन सहाशे दाखवत होता, म्हणजे खरं वजन तीन सहाशे सत्तर. जागच्या जागी सत्तर ग्रामचा फायदा. डॉक्टरांनी तिथेच काटा दुरुस्तीला पाठवायची चिठ्ठी लिहिली. बेबीने मात्र दिवसभर तोंडाला पदर लावून ठेवला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. पहिल्यानंतर तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

रविवार, २ फेब्रुवारी

वजन तीन सातशे नव्वद, सत्तर धरून. आज सुट्टी, दिवसभर दवाखान्यातच होतो.

बेबी एकदम म्हणाली, "तुमी हिला मोजता लई. घेत मातर बिलकुल न्हाई."

मी म्हणालो, माझे हात खरबरीत आहेत, बारदानाच्या सुतळीने फाटलेत, बाळाला लागतील.

"मागच्या आठवड्यात खोकला होता. त्याच्या आधी स्वेटर टोचत होतं. त्याच्या आधी धुरळा."

बायकांच्या हे सगळं ध्यानात कसं राहतं, कळत नाही.

पहिल्याला मी सारखा घ्यायचो. मोंढ्यातून आलो की हातपाय न धुताच घ्यायचो. दीड महिन्याचा होता. शेवटीही माझ्याच हातात होता आणि मला वाटलं झोपला आहे, म्हणून मी कितीतरी वेळ हलवत बसलो. पण त्याचा इथे काही संबंध नाही. माझे हात खरंच खरबरीत आहेत.

सोमवार, १० फेब्रुवारी

दुरुस्तीवाला आला आणि काटा घेऊन गेला. "चार दिवसांत आनून देतो," म्हणाला. वजन तीन आठशे नव्वद आहे. अजून एकशे दहा पाहिजे.

रखमाजी म्हणून मोंढ्यात माझा जोडीदार मापाडी आहे, तो आज बाळाला बघायला आला. सिस्टरांना सांगत होता, "ह्या मच्छिंद्राला काटा लागतच न्हाई. पोतं नुसतं उचललं की हात वजन सांगतो. पावशेराचा फरक पडत न्हाई." मी नको नको म्हणालो, पण ते खरं आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काटा आलेला नाही. दुरुस्तीवाल्याच्या घरी गेलो तर तो मेहुण्याच्या लग्नाला बदनापूरला गेलेला. शेजारी म्हणाला, उद्या रात्री नक्की येतो. दुकानाला कुलूप, आत आमचा काटा खिडकीतून दिसतो. मी खिडकीतून त्याला वाटेल ते बोललो.

गुरुवार, २० फेब्रुवारी (औरंगाबाद)

आज सकाळी निघायचं होतं. जीप दारात उभी. दहाच्या आत सर्जनांना फोन करून वजन कळवायचं, चारच्या वर असेल तरच उद्याच्या यादीत नाव. आणि काटा नाही. काट्याची तक्रार कोणी केली होती हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. मोंढ्यातून काटा आणेपर्यंत अकरा वाजले असते.

सिस्टर कौसल्या सोबत द्यायचा कागद भरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मच्छिंद्रभाऊ, तुमचा हात वजन सांगतो ना? मग उचला आणि सांगा."

मी काहीतरी बोलणार होतो. पण आज अंगावर धुरळा नव्हता, खोकला नव्हता, स्वेटरही नव्हतं. हातांना बेबीने कालच खोबरेल चोळून दिलं होतं. कशासाठी ते तेव्हा कळलं नाही. तिने बाळ उचललं आणि माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं.

हात बोललाच नाही.

वीस वर्षांत पहिल्यांदा. साखर, तूर, सरकी, ढेप, काहीही असो, हात सांगतो. आज मला एवढंच कळलं की ती ऊन आहे. आणि माझ्या तळहाताखाली तिची छाती थरथरत होती, शेजारच्या घरात पिठाची गिरणी चालू असावी तशी. डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून रोज जे ऐकलं ते माझ्या हाताला लागत होतं. तिने माझ्या शर्टाचं बटण धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली. कुणीतरी "किती?" म्हणालं. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"लाभ."

पुढचं मोजताच येईना.

"बरं," सिस्टर म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग उठल्या, माझ्या हातातून बाळ घेतलं, दोनदा वरखाली केलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "चार भरलं. करा फोन."

डॉक्टरांनी केला. आम्ही निघालो.

इथे दुपारी मोठ्या हॉलमध्ये बसवलं होतं. एक माणूस कागद घेऊन आला आणि ओरडायला लागला, "लाभ मच्छिंद्र कंटुले! लाभ कंटुलेचे नातेवाईक!" कुणी उठेना. तो तीनदा ओरडला. बेबी म्हणाली, "कोनाची हाय ही लाभ? लेकरू टाकून मायबाप कुठं गेले आसतील?" मी म्हणालो, असतात काही लोक बेफिकीर. चौथ्यांदा त्याने कागद वाचला, "आईचं नाव बेबीनंदा."

आम्ही दोघं एकदमच उठलो.

सिस्टरांनी गडबडीत वजनाच्या रकान्याऐवजी नावाच्या रकान्यात लिहिलं असणार. एवढी हुशार बाई, अशी चूक कशी केली कुणास ठाऊक. मी खोडून द्या म्हणायला निघालो तर बेबीने माझी बाही धरली. "राहू द्या," म्हणाली.

मग काट्यावर ठेवायच्या आधी मी, आईने जीपमध्ये बसता बसता पुन्हा घातलेले वाळे, करदोडा, तिन्ही ताईत आणि खिळा सगळं काढून घेतलं. चार किलो वीस ग्राम. कडता शून्य. सिस्टर कौसल्यांना मोंढ्याचं लायसन मिळायला काहीच हरकत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सकाळी नऊला आत नेली. दार बंद झालं.

मी घाबरलेलो आहे. सहा जानेवारीपासून घाबरलेलो आहे. लिहून टाकलं.

बारा वाजता सर्जन बाहेर आले. "बांधली," म्हणाले. मला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं, "गाठ कोनती मारली?"

बेबीने या खेपेला ढोसलं नाही. सर्जन हसले. "दोन ठिकाणी बांधली. प्रत्येक गाठीवर आणखी एक गाठ." आम्ही पोत्याला एकच मारतो. माणूस पक्कं काम करतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज तिला बाहेरच्या खोलीत आणलं. मी न सांगता घेतलं. तळहात छातीला लावला तर काहीच नाही. थरथर नाही. मी ओरडलो, "सिस्टर! पळा! गिरणी बंद पडली!"

इथल्या सिस्टर धावत आल्या, नाडी बघितली, छाती ऐकली आणि मला विचारलं कसली गिरणी. मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसूनच हसल्या.

"अहो, तीच तर बंद करायला आणली होती ना?"

हो. तीच. मग मी तिला खाली ठेवलं नाही. बेबी दोनदा मागायला आली, दिली नाही.

सोमवार, १० मार्च (जालना)

घरी येऊन आठवडा झाला. आता दूध स्वतः ओढते, घाम येत नाही. आईने वेशीवरच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "किती भरली रं?" मला माहीत नव्हतं. निघताना विचारायचंच राहिलं. "मापाडी हायस ना तू?" आई म्हणाली. कचराबाई हे नाव तिने अजून सोडलेलं नाही, पण हाक मारते ती "ए लाभे" अशी.

आजपासून मोंढ्यात कामावर गेलो. पहिला ढीग शाळू ज्वारीचा, कुंभार पिंपळगावच्याच एका शेतकऱ्याचा. काट्यावर पहिलं पोतं चढलं. हमाल थांबले, आडत्या थांबला, शेतकरी थांबला. मी तोंड उघडलं, "लाभ..." आणि घराच्या रस्त्याकडे बघायला लागलो.

"पुढं काय, मच्छिंद्रा? इसरला का मोजायचं?" रखमाजी म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

हे आधी ध्यानातच आलं नव्हतं. आता प्रत्येक ढिगाला, सगळ्या मोंढ्यासमोर, मला मोठ्याने तिचं नाव घ्यावं लागणार. आज एकोणीस ढीग झाले. एकोणीस वेळा हाक मारली. ओ एकदाही आली नाही, पण संध्याकाळी घरी गेल्यावर हातपाय न धुताच तिला घेतलं.